धुरातील प्राणवायूचे माप

इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण बरोबर आहे की नाही, हे ओळखण्याची जुन्या मिस्त्र्यांची एक रीत होती. गाडी थोडी पळवावी, इंजिन एकदम बंद करावे, स्पार्क प्लग खोलावा आणि त्याच्या टोकाचा रंग निरखावा. टोक काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे फटक पडले असेल तर हवा जास्त, आणि फिकट तपकिरी असेल तर सारे यथास्थित. या रंगविद्येवर कित्येक पिढ्यांची गॅरेजे चालली आणि ती विद्या मुळीच खोटी नव्हे. मात्र प्लग जे सांगतो ते घडून गेलेले असते. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत ओझे ओढीत असताना त्या क्षणी आत काय चालले आहे, हे त्याच्याकडून कळत नाही. आणि पिस्टन वितळायचा असेल तर तो नेमका त्याच क्षणी वितळतो.

म्हणूनच कारखान्याने दिलेली इंधनव्यवस्था काढून तिच्या जागी स्वतः जुळवता येईल असा संगणक बसवणारा मनुष्य आज सर्वप्रथम ‘वाइडबँड’ जातीचा प्राणवायू-संवेदक, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, शोधू लागतो. बोटभर लांबीच्या या वस्तूची वंशावळ मात्र मोटारीच्या कारखान्यात सुरू होत नाही; ती सुरू होते एका दिव्यात.

जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात वाल्टर नेर्न्स्ट हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. झिर्कोनियम धातूच्या भस्मात यट्रियमसारख्या दुसऱ्या धातूचे भस्म मिसळून केलेली कांडी थंड असताना वीज मुळीच वाहून नेत नाही, पण लालबुंद तापली की वाहून नेऊ लागते, ही गोष्ट हेरून त्यांनी १८९७ च्या सुमारास एक विजेचा दिवा तयार केला. या दिव्याला निर्वात काचेच्या फुग्याची गरज नव्हती. तो उघड्या हवेत जळे. अडचण एकच होती. पेटवण्यापूर्वी कांडी बाहेरून तापवावी लागे. पुढे टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि नेर्न्स्ट यांचा दिवा मागे पडला. पण त्या कांडीतून वीज वाहते ती प्राणवायूच्या विद्युत्भारित कणांच्या पाठीवर बसून, हा त्यातला गाभा शिल्लक राहिला. त्याआधीच, १८८९ मध्ये, नेर्न्स्ट यांनी आणखी एक सूत्र मांडले होते: दोन बाजूंना एकाच पदार्थाचे प्रमाण कमीअधिक असेल तर त्यांच्यामध्ये किती विद्युत्दाब उत्पन्न होईल, हे त्यावरून काढता येते. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९२० सालचे, आणि तेही वेगळ्या कामासाठी. मोटारींचा त्यांना मोठा शौक होता. पण आपली कांडी आणि आपले सूत्र एक दिवस मोटारीच्याच धुरात एकत्र नांदतील, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

हा योग जुळून आला लॉस एंजेलिसच्या हवेमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या शहरावर डोळे झोंबवणारे पिवळट धुके उतरू लागले. अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या आगेमागे दाखवून दिले की, मोटारींच्या धुरातील अर्धवट जळलेले इंधन आणि नत्राची भस्मे यांवर सूर्यप्रकाश पडून हे विष तयार होते. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, त्याचे ते पहिले अध्यक्ष. १९७० मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कायदा अधिक कडक करण्यात आला आणि मोटार कारखानदारांची झोप उडाली.

धुरातील तिन्ही विषे एकाच वेळी निष्प्रभ करणारा उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सापडला होता. पण त्याचा हट्ट विलक्षण होता. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, वजनाने, हे प्रमाण राखले तरच तो आपले काम करी. कार्बोरेटरला हे साधणे अशक्यच होते. अभियंत्यांनी या आदर्श प्रमाणाला ‘लॅम्डा एक’ असे नाव दिले: हवा त्याहून जास्त असेल तर लॅम्डा एकाच्या वर, कमी असेल तर खाली. जर्मनीच्या बॉश कंपनीने झिर्कोनियाची अंगठीच्या टोपणासारखी नळी घेऊन तिला आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ लेप दिला. आत बाहेरची स्वच्छ हवा, बाहेर एक्झॉस्टचा धूर; दोहोंतील प्राणवायूच्या तफावतीने नेर्न्स्टच्या सूत्राप्रमाणे विद्युत्दाब निर्माण होतो. १९७६ मध्ये हा संवेदक स्वीडनच्या व्होल्व्हो गाड्यांवर, अमेरिकी बाजारासाठी, प्रथम बसला.

मात्र हा संवेदक फक्त बाजू सांगे, अंतर सांगत नसे. लॅम्डा एकाच्या जरा खाली गेला की सुमारे ०.८ व्होल्ट, जरा वर गेला की ०.१ व्होल्ट, आणि मधल्या मध्ये एकदम उडी. तराजूचे कोणते पारडे खाली गेले हे दिसावे, पण किती छटाकांनी गेले हे दिसू नये, तसा हा प्रकार. उत्प्रेरक सांभाळायला एवढे पुरते. पण इंजिन पूर्ण ताकद देते ते लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या आसपास, आणि टर्बो बसवलेल्या इंजिनात तर तेवढे जादा पेट्रोल आतली उष्णता आवरण्यासाठीही लागते. ०.८६ आणि ०.९६ यांतील भेद म्हणजे कधीकधी सुखरूप इंजिन आणि भोक पडलेला पिस्टन यांतील भेद. तो या संवेदकाला धड ओळखता येत नाही.

ही उणीव जपानच्या एनटीके कंपनीने दूर केली. १९९२ मध्ये होंडाने सिव्हिक व्हीएक्स ही कमी पेट्रोलवर धावणारी गाडी अमेरिकेत आणली. तिला लॅम्डा एकाच्या बऱ्याच वर, विरळ मिश्रणावर, चालायचे होते. म्हणून तिच्यावर पाच तारांचा नवा संवेदक बसला. यात झिर्कोनियाच्या दोन पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीकशी पोकळी. पहिली पेशी पोकळीतील प्राणवायू जोखते. दुसरी पंपाचे काम करते: विजेचा प्रवाह एका दिशेने दिला की प्राणवायू बाहेर उपसते, उलट दिला की आत भरते. पोकळी सतत लॅम्डा एकावर ठेवण्यासाठी किती आणि कोणत्या दिशेने प्रवाह द्यावा लागला, त्यावरून धुराचे खरे माप निघते. विहिरीची पातळी कायम राखायला किती मोटा उपसाव्या लागल्या यावरून झऱ्याचा जोर ओळखावा, तशी ही युक्ती आहे, आणि ती या साऱ्या कथेतील सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल.

२००१ मध्ये अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा हौशी माणसाला घरी जोडता येणारा इंधन-संगणक पुढे आणला. असे संगणक सामान्यांच्या हाती आले तसा संवेदकाच्या निवडीचा प्रश्नही त्यांच्या दारी आला. येथे बहुतेकांची फसगत होते ती संवेदकालाच सर्वस्व मानण्यात. संवेदक आणि त्याला चालवणारा नियंत्रक मिळून एक उपकरण होते. बॉशचे दोन संवेदक दिसायला सारखे आहेत: जुना एलएसयू ४.२ आणि नवा एलएसयू ४.९. तापमान राखताना नियंत्रक पहिल्याच्या पेशीचा रोध ८० ओहम धरतो, दुसऱ्याच्या ३०० ओहम. तेव्हा एकाच्या नियंत्रकावर दुसरा चालवणे म्हणजे चुकीच्या वजनांनी माल तोलणे. जुन्या संवेदकाला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती तेलाच्या वाफांनी दूषित झाली की माप सरकते. नवा संवेदक आपला तुलनेचा प्राणवायू स्वतःच उपसून घेतो. किमतीतील फरक सोसत असेल तर नवाच घ्यावा. त्याच्या जोडणीच्या खोक्यात त्या एकाच नगापुरता जुळवलेला रोधक असतो, म्हणून ते खोके कापून तारा परस्पर जोडू नयेत.

नियंत्रकाकडून संगणकाकडे माप जाते ते शून्य ते पाच व्होल्टच्या रूपाने किंवा आकड्यांच्या संदेशाने. व्होल्टच्या वाटेत अर्थिंगच्या दोन जागांतील किंचित फरकही माप बिघडवतो. आकड्यांच्या संदेशाला ही बाधा होत नाही.

भारतात शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत १९९५ मध्ये आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले; शिसे संवेदकालाही मारते. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींवरही, साधा का होईना, हा संवेदक आला. २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. त्यातले काही उसाचे असते. कोल्हापूर-बेळगावच्या वाचकांना हे सांगायला नकोच. निव्वळ इथेनॉलला हवेचे ९ भाग पुरतात, तेव्हा या मिश्रणाचे आदर्श प्रमाण १४.७ नव्हे, सुमारे १३.५ होते. पण संवेदक पेट्रोल मोजत नाही, लॅम्डा मोजतो, आणि आदर्श मिश्रणाचा लॅम्डा कोणत्याही इंधनात एकच असतो. पेट्रोलच्या पट्टीवरचे १३.५ पाहून कोणी समाधान मानले, तर प्रत्यक्षात तो ०.९२ वर चालत असतो. पडद्यावर लॅम्डा दाखवणारे उपकरण घेणे, हा यावरचा सरळ उपाय.

नोंदणीकृत गाडीत असे फेरफार करताना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची बंधने आहेत, हे विसरू नये.

राहता राहिली बसवण्याची जागा. संवेदक उत्प्रेरकाच्या आधी, टर्बो असल्यास त्याच्या नंतर, आणि पाणी साचू नये म्हणून आडव्या रेषेपेक्षा निदान दहा अंश वर तोंड करून बसवावा. त्याच्या आधीच्या सांध्यातून हवा आत शिरत असेल, किंवा एखादा सिलिंडर ठिणगीच चुकवत असेल, तर न जळलेला प्राणवायू पाहून तो ‘पेट्रोल कमी’ असेच सांगणार. अशा वेळी पेट्रोल वाढवीत बसणारा बिघाडात भर घालतो. थंड इंजिन सुरू करताच त्याला एकदम पूर्ण तापवू नये, पाण्याच्या थेंबाने तापलेली माती तडकते. आणि वीज न देता तो चालत्या इंजिनाच्या धुरात सोडून ठेवला तर काजळी धरून निकामी होतो. वापरायचा नसेल तर तो काढून त्या भोकाला आट्यांचे बूच लावावे.