उतारा आणि कसोटी



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेने मला दिले, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी आयुष्यभर भाषा शिकविली. वैद्यक हे माझे क्षेत्र नव्हे. तरीही आज वनौषधींच्या परीक्षेच्या इतिहासातील काही प्रकरणे मी आपल्यापुढे मांडणार आहे, आणि आरंभ मात्र माझ्या सवयीप्रमाणे एका शब्दापासून करणार आहे. तो शब्द म्हणजे ‘उतारा’.

विषावर दिलेल्या औषधाला आपण उतारा म्हणतो. बाधा झाली म्हणून ओवाळून तिठ्यावर ठेवलेल्या दहीभातालाही उताराच म्हणतो. दोन्हींमागे कल्पना एकच, की अंगात शिरलेले काही तरी खाली उतरवावयाचे. वैद्याचा उतारा आणि मांत्रिकाचा उतारा यांत भेद कसा करावा, हे शब्दावरून कळत नाही. त्यासाठी कसोटी लागते. ही कसोटी आपल्याकडे कशी आली, तिने कोणाला ‘नाही’ म्हटले, कोणाला ‘होय’ म्हटले आणि तिची किंमत कोणी चुकविली, एवढाच आजच्या विवेचनाचा आवाका आहे.

सुरतेत हा विषय मांडताना एक पूर्वपीठिका सांगितलीच पाहिजे. 1844 साली या नगरीत मानवधर्म सभा स्थापन झाली. तिचे अध्वर्यू दुर्गाराम मेहताजी, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी व्याकरणकार म्हणून दादोबांना आपण ओळखतो. त्या काळात ते सुरतेत इंग्रजी शाळेत अध्यापक होते. भूतपिशाच उतरविणाऱ्या मांत्रिकांना या सभेने जाहीर आव्हान दिले : आपले सामर्थ्य लोकांसमक्ष सिद्ध करून दाखवा. सभा फार वर्षे टिकली नाही, पण तिने रुजविलेला विचार मोलाचा होता. दावा कितीही जुना असो, तो करणारा कितीही आदरणीय असो, त्याची परीक्षा चारचौघांत झाली पाहिजे. हा विचार परकीयही नव्हता. चरकसंहितेत आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. आप्तवचनाला तेथे मान आहे, परंतु ते एकटे नाही.

आता मुंबईकडे वळू. 1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नरवाड्यात गेली आणि 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. याच संस्थेशी निगडित असलेल्या दोन संशोधकांचे काम माझ्या आजच्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. एक डॉ. के. एस. म्हसकर आणि दुसरे फादर जे. एफ. केयस हे जेझुइट धर्मगुरू. या जोडीने आधी मद्रास इलाख्यात अंकुशकृमीवरील औषधांचा अभ्यास केला होता. पुढे त्यांनी सर्पदंशाचा प्रश्न हाती घेतला.

सर्पदंशावरील वनस्पतींची आपल्याकडे वाण नाही. मुंगूस सापाशी झुंज देऊन आले की एक मुळी खाते, ही कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. प्रत्येक तालुक्यात एखादी पाने, एखादी साल, एखादा कंद आणि तो जाणणारा एखादा म्हातारा असतोच. तो पुष्कळदा प्रामाणिक असतो, पैसाही घेत नाही. त्याच्या हातून माणसे बरी झालेली गावाने पाहिलेली असतात. मग चूक कोठे आहे?

चूक मोजण्यात आहे. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी प्राणघातक मात्रेत विष अंगात उतरतेच असे नाही. म्हणजे मुळी उगाळून लावली काय किंवा नुसते पाणी लावले काय, यांतले पुष्कळ रोगी बरे होणारच. जे बरे झाले त्यांचे श्रेय मुळीला, आणि जे गेले त्यांचे खापर प्रारब्धावर. अशा जमाखर्चात मुळी कधीही खोटी ठरत नाही. प्रयोगशाळेतील प्राण्याची गोष्ट निराळी. त्याला कोणत्या सापाचे किती विष दिले, हे ठाऊक असते. वनस्पतीचा अर्क दिलेला प्राणी आणि अर्क न दिलेला प्राणी यांची तुलना करता येते. तेथे प्रारब्धाला जागा उरत नाही.

म्हसकर आणि केयस यांनी सर्पदंशावर नावाजलेल्या शेकडो वनस्पती या रीतीने तपासल्या आणि आपला अहवाल 1931 साली प्रसिद्ध केला. निष्कर्ष कठोर होता. तपासलेल्या वनस्पतींपैकी एकही विषावरचा उतारा ठरली नाही, आणि दंशानंतरच्या लक्षणांवरही तिचा उपयोग दिसला नाही.

या निष्कर्षाचे पुढे जे झाले ते मला विशेष वाटते. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मेजर बामनदास बसू यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तो 1918 साली, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रकाशित झाला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संपादनात फादर ब्लॅटर यांच्याबरोबर केयस आणि म्हसकरही होते. ठिकठिकाणी त्यांनी वनस्पतीचा पारंपरिक उपयोग आदराने नोंदविला, आणि सर्पदंशाचा उल्लेख आला की त्यालगत आपल्या परीक्षेचा प्रतिकूल निर्णयही नोंदविला. परंपरा पुसली नाही, निर्णयही दडविला नाही. संपादनाचा हा आदर्श आम्हा भाषेच्या लोकांनीही गिरविण्याजोगा आहे.

‘नाही’ या उत्तराचे मोल आपल्याला सहसा कळत नाही. परंतु 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लक्ष माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. यांतले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, आणि रुग्णालयात न पोहोचताच झालेले. डांग-धरमपूरचा प्रदेश आपल्याला दूर नाही. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्यांना हे सांगावयास नको. मुळी स्वतः विषारी नसेलही, पण ती उगाळण्यात जो तास जातो तो प्राणघातक असतो. 1931 चा निर्णय जर प्रत्येक पाड्यापर्यंत पोहोचला असता, तर त्या संख्येतली किती तरी माणसे वाचली असती.

आजही अमुक पाल्याच्या अर्काने उंदरांमध्ये सर्पविष निष्प्रभ झाले, अशा बातम्या येतात. त्या वाचताना विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारावा : अर्क केव्हा दिला? पुष्कळ प्रयोगांत विष आणि अर्क आधी परीक्षानळीत एकत्र करून मग ते मिश्रण उंदराला टोचतात. शेतातला साप चावण्यापूर्वी अशी सवड देत नाही.

याच कसोटीने एका वनस्पतीला ‘होय’ही म्हटले, आणि गंमत अशी की तिच्या नावातच सर्प आहे. सर्पगंधा सर्पदंशावर, तशीच उन्मादावर आणि निद्रानाशावर परंपरेने वापरली जात असे. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्मादावरील आणि वाढलेल्या रक्तदाबावरील उपयोग प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीत सिद्दिकी बंधूंनी तिच्यातील क्षारभ वेगळे केले. रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून तिने रक्तदाब उतरतो व गुंगी येते, हे दाखविले. मग मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचा लेख 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. 1952 मध्ये सिबा कंपनीच्या स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. वकिलांना 1957 साली लास्कर पारितोषिक मिळाले.

मात्र येथे प्राणिपरीक्षेची मर्यादाही उघड झाली. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना गाढ खिन्नता येते, असे डॉक्टरांच्या नजरेस आले. सशाचा रक्तदाब मोजता येतो. आपल्याला उदास वाटते आहे, हे ससा सांगू शकत नाही. गुळवेलीचेही असेच. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम प्रथम प्राण्यांवर आणि मग कावीळ झालेल्या रुग्णांवर शिस्तीने अभ्यासला. मराठी वाचक ज्यांना ‘वृक्षगान’च्या लेखिका म्हणून ओळखतात, त्याच या बाई. पण 2020 च्या महामारीत लोकांनी आपल्याच मनाने गुळवेलीचे काढे घेतले आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वादाचा निवाडा मी करणार नाही. पण प्रयोगशाळेतील अनुकूल उत्तर म्हणजे घरोघरी वाटलेला परवाना नसतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

शेवटचा मुद्दा किमतीचा. सुरतेत तो टाळता येणार नाही. 1689 साली प्रवासास निघून येथे आलेल्या ओविंग्टन या इंग्रज पाद्र्याने आपल्या प्रवासवर्णनात सुरतेतील जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन केले आहे. गाई, घोडे, कुत्रे यांची शुश्रूषा तर तेथे होतीच; पण पिसवा-ढेकणांना रक्त मिळावे म्हणून एका गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवीत, असेही त्याने लिहिले आहे. परक्यांना त्याचे हसू आले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही; मुक्या जिवाची वेदना हिशेबात धरणारे ते गाव होते. त्याच गावात उभे राहून प्रयोगशाळेतील उंदरांविषयी बोलताना हात आखडता घेऊन चालणार नाही. म्हसकर-केयस यांच्या कामासाठी मुके प्राणी विषाने मेले. सर्पविषावरचे जे औषध खरोखर गुण देते, ते प्रतिसर्पविषही घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून तयार होते.

या ऋणाची जाणीव कायद्यालाही झाली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याने प्रयोगांना मनाई केली नाही, पण त्यांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद केली. त्याच्या आदल्या वर्षी, 1959 मध्ये, रसेल आणि बर्च यांनी तीन सूत्रे मांडली होती : जमेल तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, वेदना कमी करा. माझ्या अल्पमतीने त्यांना एक जोड द्यावीशी वाटते. ज्या प्रश्नाचे उत्तर प्राण्यांनी एकदा जीव देऊन दिले आहे, ते उत्तर नीट नोंदवा, लोकांना त्यांच्या भाषेत सांगा. ते विसरलो तर तोच प्रयोग पुन्हा होतो, आणि पाड्यावर तीच मुळी पुन्हा उगाळली जाते.

हे सांगण्याचे काम वैद्यांइतकेच शाळांचे आहे. साप चावला तर पाय न हलविता, कापाकापी न करता, थेट प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात जावे, हे एक वाक्य या सभागृहातून मराठीत, गुजरातीत आणि डांगीत घरोघरी गेले, तर या व्याख्यानमालेचे चीज झाले असे मी मानीन.