शब्दांचा लिलाव आणि मराठीचा विलंब

शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावे लागत नाही. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. पानावर बसलेल्याने सैंधव मागितले तर घोडा आणायचा नसतो आणि प्रवासाला निघालेल्याने मागितले तर मीठ पुढे करायचे नसते. अनेकार्थी शब्दाचा एकच अर्थ कशाने निश्चित होतो, याची संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोधिता, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य अशी कारणे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त सांगितली. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंजनेचा विचार करताना त्यांचाच आधार घेतला. विसाव्या शतकात जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, अशा आशयाचा विचार मांडला.

हाच जुना प्रश्न २००३ साली एका व्यापारी यंत्रणेपुढे उभा राहिला. आंतरजालावरील एखादे पान कशाविषयी आहे हे यंत्राने वाचून ठरवायचे आणि त्या विषयाला अनुरूप जाहिरात त्याच पानावर लावायची, असा हा व्यवहार होता. त्याला संदर्भनिष्ठ जाहिरात म्हणता येईल. एखाद्या छोट्या, एकाच विषयाला वाहिलेल्या संकेतस्थळाला त्यातून उत्पन्न मिळू लागले. या घटनेचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो लेखनाच्या आणि भाषेच्या अंगाने पाहायचा आहे, कारण त्यात मराठीच्या वाट्याला आलेला विलंब साहित्यव्यवहाराच्या अभ्यासकाने दुर्लक्षावा असा नाही.

नियतकालिक आणि जाहिरात यांचे नाते आपल्याकडे नियतकालिकाइतकेच जुने आहे. १७८० साली कोलकात्यात निघालेल्या हिकीच्या 'बेंगॉल गॅझेट'च्या पूर्ण नावातच 'जनरल ॲडव्हर्टायझर' हे शब्द होते. मराठीत याहून विलक्षण उदाहरण 'किर्लोस्कर'चे. १९२० साली ते 'किर्लोस्कर खबर' या नावाने एका कारखान्याचे मुखपत्र म्हणून सुरू झाले आणि शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली हळूहळू वाङ्मयीन व वैचारिक मासिकात रूपांतरित झाले. १९२९ साली नावातली 'खबर' गळाली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून रुजलेली दिवाळी अंकांची परंपराही जाहिरातींच्या आधारानेच टिकली. कथेशेजारी सराफी पेढी, कवितेखाली केशतेल, मुखपृष्ठामागे सहकारी बँक ही रचना आपल्या डोळ्यांच्या इतकी सवयीची आहे की तिचे आपल्याला काही वाटत नाही.

या रचनेतील जाहिरातीचा शेजारच्या मजकुराशी मात्र काही संबंध नव्हता. ती मिळे सणामुळे, खपामुळे किंवा ओळखीमुळे. छोट्या नियतकालिकाच्या संपादकाला तिच्यासाठी उंबरठे झिजवावे लागत आणि अनेकदा 'सदिच्छांसह' असे छापून एक प्रकारची देणगीच स्वीकारावी लागे. लेखाचा विषय कोणता, तो किती जाणकारीने लिहिला आहे, याला जाहिरातीच्या हिशेबात स्थान नव्हते.

आंतरजालानेही आरंभी हाच मार्ग धरला. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर जाहिरातींचे आडवे फलक झळकले. त्यांत एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीचा फलक पुढे प्रसिद्धी पावला. ही विक्री जागेची होती आणि दर दर्शकसंख्येवर ठरे. ज्याच्याकडे गर्दी त्याच्याकडे जाहिरात, हे सूत्र छापील जगातून जसेच्या तसे इकडे आले. दिवसाला दोनशे वाचक येणाऱ्या संकेतस्थळाशी करार करण्यात कोणत्याही जाहिरातदाराला स्वारस्य असणे शक्य नव्हते.

हे सूत्र बदलले ते शब्द विकायला निघाल्यावर. १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम' या शोधयंत्राने शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. वाचक जो शब्द शोधेल त्या शब्दावर ज्याची बोली मोठी, त्याचा दुवा वर, आणि पैसे फक्त कोणी त्या दुव्यावर टिचकी मारली तरच. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये 'ॲडवर्ड्स' ही सेवा आरंभली आणि २००२ साली तिला लिलावाचे रूप दिले. बोलीच्या जोडीला लोक त्या जाहिरातीवर प्रत्यक्षात किती वेळा टिचकी मारतात, हेही आता मोजले जाऊ लागले. भाषेतील शब्दांना बाजारभाव फुटला तो असा.

पुढची पायरी म्हणजे शोधयंत्राबाहेरची, लोकांनी लिहिलेली पाने वाचणे. एप्रिल २००३ मध्ये गूगलने कॅलिफोर्नियातील 'अप्लाइड सिमँटिक्स' ही कंपनी सुमारे १० कोटी २० लाख डॉलरना विकत घेतली. शब्दांचे अर्थ आणि त्या अर्थांमधील नाती यांचे जाळे रचून मजकुराचा विषय ओळखणे, हे त्या कंपनीचे काम होते आणि 'ॲडसेन्स' हे नावही तिचेच. जून २००३ मध्ये ही सेवा छोट्या संकेतस्थळांना स्वतःहून नाव नोंदवता येईल अशा रीतीने खुली झाली. अशा यांत्रिक वाचनाचा पाया अर्थातच जुना होता. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखवून दिले होते की जो शब्द थोड्याच लेखांत येतो तो त्या लेखांचा विषय अधिक नेमका सांगतो. 'आणि', 'आहे' हे शब्द सर्वत्र असल्यामुळे निरुपयोगी. 'गिलावा' किंवा 'कौले' हे शब्द मात्र पान कशाविषयी आहे ते लगेच सांगतात.

या व्यवस्थेत छोट्या लेखकाला जे मिळाले त्याचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील टिम कार्टर हे बांधकाम व्यावसायिक १९९०च्या दशकात वर्तमानपत्रांतून घरदुरुस्तीविषयी सदर लिहीत असत. त्याच लेखनाचे 'आस्क द बिल्डर' हे संकेतस्थळ ॲडसेन्सच्या आरंभीच्या यशोगाथांपैकी एक ठरले. फरशीच्या सांध्यांवरचा लेख लाखो लोक वाचणार नाहीत. पण जे वाचतील त्यांच्या घरी त्या दिवशी फरशीचेच काम निघालेले असते. जाहिरातदाराला असा एक वाचक शंभर बेफिकीर दर्शकांहून मोलाचा वाटतो. विषयाचे नेमकेपण हीच येथे संपत्ती होती. जाहिराती मिळवणारा माणूस नेमायला नको, उंबरठे झिजवायला नकोत, संपादकाला कोणाचे मिंधे व्हायला नको. लेखकाला त्याच्या विषयामुळे पैसे मिळावेत, असे वाङ्मयव्यवहाराच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही.

अर्थात या वाचकयंत्राच्या मर्यादा लवकरच उघड झाल्या. २००३ सालीच 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या संकेतस्थळावर एका खुनाची बातमी होती. मृतदेहाचे तुकडे सुटकेसमध्ये भरल्याचा तीत उल्लेख होता आणि शेजारी सुटकेसची जाहिरात लागली. यंत्राला प्रकरण कळले, औचित्य कळले नाही. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित का म्हटले, हे समजावून सांगण्यासाठी वर्गात याहून चांगले प्रत्युदाहरण मिळणे कठीण. उपरोध, विडंबन, व्याजस्तुती यांपुढे तर हे वाचन हतबलच होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. शब्दांना भाव आला की भावासाठी शब्द लिहिले जाऊ लागतात. ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगाचे 'मेसोथेलिओमा' हे नाव अमेरिकेत अत्यंत महागड्या शब्दांत गणले गेले, कारण नुकसानभरपाईचे दावे चालवणारे वकील त्यावर बोली लावत. मग त्या रोगाविषयी काहीही ठाऊक नसलेल्यांनी त्यावर पाने लिहिली. २००६ साली स्थापन झालेल्या 'डिमांड मीडिया'ने तर लोक काय शोधतात आणि त्या शब्दांना काय भाव आहे हे पाहून लेख पाडण्याचा उद्योगच उभारला. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाने ओळखला गेलेला बदल करून अशा पोकळ पानांना शोधात खाली ढकलले. कवितेच्या समीक्षेवर मात्र बोली लावायला कोणी नव्हते. जाहिरातीचा बाजार विषयाला मोल देतो, पण ज्या विषयात काही विकण्याजोगे आहे त्यालाच.

आता मराठीकडे वळू. मराठी आंतरजाल काही मागे नव्हते. 'मायबोली' १९९६ सालापासून आहे. परंतु आरंभीचे पुष्कळ मराठी लेखन विशिष्ट टंकांत होते. डोळ्यांना देवनागरी दिसणारा तो मजकूर यंत्राच्या लेखी रोमन चिन्हांचा निरर्थक ढीग होता. युनिकोड रुळल्यावर अक्षरे यंत्राला कळू लागली, तरी शब्द कळणे बाकीच होते. घर, घरात, घराला, घरांमधून, घराबाहेरच्या ही सारी रूपे एकाच शब्दाची आहेत, हे यंत्राला शिकवावे लागते. आणि ते शिकवण्याचा खर्च तेव्हाच केला जातो, जेव्हा त्या भाषेत बोली लावणारे व्यापारी दिसतात. मराठी माणूस बाजारहाट मराठीत करत असला, तरी आंतरजालावरील जाहिरात तो इंग्रजीतच वाचील, असे गृहीत धरले गेले होते.

परिणाम असा की मराठी पाने ॲडसेन्सच्या मान्य भाषांच्या यादीबाहेर राहिली. ज्या पानाचा विषय यंत्राला उमजत नसे, तेथे त्या काळी बिनपैशांच्या लोकसेवेच्या जाहिराती दिसत. जाहिरात मिळाली असती तरी हिशेब काय झाला असता तेही पाहू. समजा, एखाद्या संकेतस्थळावर दिवसाला २०० पाने वाचली जातात, शंभरात एक वाचक जाहिरातीवर टिचकी मारतो आणि टिचकीमागे ५ सेंट मिळतात. महिन्याला ६० टिचक्या, म्हणजे ३ डॉलर. देय रक्कम हाती पडण्यासाठी किमान १०० डॉलर जमावे लागत; त्याला लागली असती सुमारे पावणेतीन वर्षे. इंग्रजीतील नेमक्या विषयाला टिचकीमागे डॉलरच्या पटीत मिळू शके, यातच दोन भाषांमधील अंतर आले.

ॲडसेन्सने हिंदीचा स्वीकार डिसेंबर २०१४ मध्ये केला, बंगालीचा २०१७ साली, आणि मराठीची पाळी आली २०१८ साली. म्हणजे इंग्रजीनंतर पंधरा वर्षांनी. या पंधरा वर्षांत मूळ व्यवहारच पालटला होता. मार्च २००९ मध्ये गूगलने वाचकाच्या आवडीनिवडींवर आधारित जाहिराती सुरू केल्या. त्याने आधी काय पाहिले, कोणत्या दुकानात डोकावला, याची नोंद त्याच्या मागोमाग फिरू लागली. आता संत साहित्यावरील लेखाशेजारी दिसणारे बूट लेखातून उगवलेले नसतात. वाचकाने काल बूट पाहिलेले असतात. पान कशाविषयी आहे यापेक्षा पानावर कोण आले आहे, हा प्रश्न मोठा झाला. २०२३ च्या अखेरीस जाहीर होऊन पुढील वर्षी अमलात आलेल्या बदलानुसार ॲडसेन्सचा मोबदलाही टिचकीऐवजी जाहिरात दिसण्यावर मोजला जाऊ लागला. म्हणजे फिरून गर्दीचेच गणित आले. मराठी या जत्रेत पोहोचली तेव्हा ज्या दुकानाची तिला गरज होती ते आवरायला आले होते.

हे दुकान वेळेवर मिळते तर मराठीत सुवर्णयुग अवतरले असते, असा दावा करण्याचे कारण नाही. भावासाठी लिहिलेली पोकळ पाने आपल्याकडेही निपजली असती. परंतु भाताच्या देशी वाणांवर, विहिरीच्या बांधकामावर, वाद्यांच्या दुरुस्तीवर जाणकारीने मराठीत लिहिणाऱ्या चार माणसांना निदान आपल्या संकेतस्थळाचे वार्षिक भाडे त्यातून भागवता आले असते. अशी कितीतरी संकेतस्थळे केवळ भाडे थकल्याने नाहीशी होतात आणि त्यांच्याबरोबर त्या त्या व्यवसायाची मराठी परिभाषाही जाते. कवितेला नाही, पण परिभाषेला या बाजाराचा उपयोग होता. आणि ज्या भाषेत व्यवहाराचे लेखन सकस असते, तिच्यातील ललित गद्यालाही त्याचा आधार मिळतो, हे 'किर्लोस्कर'च्या उदाहरणातून आपण पाहिलेच आहे.

नियतकालिकांचा अभ्यास करताना आपण संपादकीय भूमिका, लेखक, वाद यांची नोंद करतो आणि जमाखर्चाकडे पाहत नाही. आंतरजालावरील मराठी लेखनाचा इतिहास लिहिताना हे चालणार नाही. तेथे कोणते विषय फुलले आणि कोणते सुकले, याची कारणे लेखकांच्या प्रतिभेत शोधण्यापूर्वी त्या काळी कोणते यंत्र कोणत्या भाषेतले शब्द वाचू शकत होते आणि त्या शब्दांवर बोली कोण लावत होते, हे पाहावे लागेल.