आळंदीला जायची वाट

ज्येष्ठ जवळ आला की आमच्या ओसरीवर कुणी ना कुणी नवा वारकरी येऊन बसतो. यंदा आला तो गावातलाच एक तरुण, पहिल्यांदा वारीला निघालेला. रामकृष्ण हरी झाले, पाणी झाले, आणि त्याने विचारले, "महाराज, आळंदीला नेमकं कधी पोचावं? आणि कसं जावं?" मी सांगितले, सप्तमीला दिवेलागणीच्या आत इंद्रायणीवर हातपाय धुऊन झालेले असावेत, कसे जायचे ते तुझे तू बघ, आता वाटा पुष्कळ झाल्या आहेत. पोरगा समाधानाने गेला. मी मात्र पुढे दोन दिवस त्याच प्रश्नाशी घोटाळत राहिलो. आळंदीहून पंढरीला कसे जायचे यावर आजवर पुष्कळ लिहून झाले. आळंदीपर्यंत माणूस कसा पोचत होता, याचा विचार आपल्यात फारसा होत नाही.

पहिला घोळ तिथीचा. माउलींचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आणि तुकोबारायांचे देहूहून आदल्या दिवशी, सप्तमीला. पंचांग पाहणाऱ्याला यात अवघड काही नाही. पण नोकरीची रजा आणि गाडीचे तिकीट तारखेवर मिळते, आणि तारीख दरवर्षी हलते. २०२३ साली प्रस्थान ११ जूनला झाले, २०२४ साली २९ जूनला, २०२५ साली १९ जूनला. अधिक महिना ज्येष्ठातच आला तर आणखी मौज. २०१८ साली तसे झाले आणि निज ज्येष्ठातले प्रस्थान जुलैत गेले. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्या वर्षी अधिकातल्या वद्य अष्टमीचे आरक्षण करून ठेवले होते, म्हणजे पुरे महिनाभर आधीचे! म्हणून नव्या माणसाला मी आधी विचारतो, घरात पंचांग आहे का? तिकिटाचे मागून बघू.

पण आळंदी ही वारीची सुरुवात, हे तरी कधीपासूनचे? वारी माउलींच्याही आधीची, असे आपली परंपरा मानते. तुकोबांच्या घराण्यात विश्वंभरबाबांपासून वारी होती, ती देहूच्या घरून. ज्याच्या त्याच्या वारीचा आरंभ ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर. पैठणचा पैठणहून निघे, त्र्यंबकचा त्र्यंबकहून, आणि जिथे वाटा मिळतील तिथे माणसे मिळत. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, त्या आळंदीला आणल्या, आणि माउलींच्या पादुका सोबत घेऊन पंढरीची वाट धरली. म्हणजे त्या सोहळ्यातही आळंदी हा वाटेवरचा पहिला मोठा थांबा होता. इथूनच निघायचे, म्हणून इथवर यायचे, ही रीत रुजली ती हैबतबाबांमुळे.

हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले. नोकरी सोडून मिळवलेले धन घेऊन ते गावाकडे परत निघाले, तेव्हा सातपुड्यात भिल्लांनी त्यांना धरले आणि गुहेत कोंडले, असे परंपरा सांगते. तिथे त्यांनी हरिपाठ धरला. एकवीस दिवसांनी भिल्लांच्या नायकाला पुत्र झाला, त्या आनंदात शिळा दूर झाली आणि बाबांची सुटका झाली. कीर्तनात मी हा प्रसंग किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नाही. सांगताना सगळा भर गुहेवर आणि हरिपाठावर असायचा. श्रोत्यांनाही तेच हवे असते. पण आता बसल्या जागी वाटते की गुहेइतकेच महत्त्व पुढच्या वळणाला आहे. सुटलेला माणूस घरी जातो. बायको, मुले, वाडा, शेत. हैबतबाबा मात्र आळंदीला आले आणि आळंदीचेच झाले. १८३२च्या सुमारास माउलींचा स्वतंत्र पालखी सोहळा त्यांनी उभा केला. महाद्वारात पायरीखाली त्यांची समाधी आहे. आत जाणारा प्रत्येक जण आधी तिथे वाकतो.

सोहळा उभा करायचा तर तंबू हवेत, घोडे हवेत, नैवेद्याची सोय हवी. बाबांनी अंकलीच्या शितोळे सरदारांना साकडे घातले. अंकली चिकोडी तालुक्यात, आज कर्नाटकात. माउलींचे अश्व तिथून येतात, आणि येतात म्हणजे चालत येतात. सुमारे ३०० किलोमीटर, दहा-अकरा दिवस. पंढरीची वाट आळंदीपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रिंगणात ज्याच्या टापेखालची माती आपण कपाळी लावतो, तो अश्व वारी सुरू होण्याआधीच एका वारीहून जास्त चालून आलेला असतो. ट्रकमध्ये घालून एका रात्रीत त्याला आणणे आज काही कठीण नाही. पण तसे होत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

माणसांचे मात्र रेल्वेने बदलले. १८५८ साली गाडी पुण्यापर्यंत आली, १८६३ साली बोरघाट जोडला गेला आणि मुंबई-पुणे सलग झाले. पुढे गिरण्या वाढल्या, आणि गिरणगावात पोटासाठी गेलेल्या वारकऱ्याला रात्रीच्या गाडीने पुणे गाठणे जमू लागले. १८७८ साली दौंड-मनमाड लाईन झाली, खानदेश-वऱ्हाडाची सोय झाली. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यातली छोटी लाईन मनमाडला येऊन मिळाली ती १९००च्या आसपास. तिकडे १९०६ साली बार्शी लाईट रेल्वेची अरुंद लाईन कुर्डुवाडीहून थेट पंढरपुरात शिरली. ज्याला देवाला भेटायचे त्याने आता गाडीत बसावे आणि चंद्रभागेवर उतरावे. लाखो लोक तसे जाऊ लागले. त्यांना मी कमी लेखत नाही, म्हाताऱ्या-दुबळ्यांना देव भेटला तो त्या गाडीमुळे.

पण गंमत पाहा. सोलापूरहून पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. बार्शीचा माणूस तर शेजारचाच. आमच्या गंगाखेडकडून पाहिले तरी पंढरी जवळ आणि आळंदी लांब. अशा गावांचे वारकरी गाडीत बसून पंढरीला मागे टाकत पुण्याकडे जाऊ लागले, कशासाठी, तर तिथून पायी परत यायला. गाडीवाल्याने आपल्यासाठी देवाच्या दारापर्यंत रूळ टाकले आणि आपण त्याच गाडीने देवापासून लांब जाऊन बसलो. रेल्वेच्या हिशेबात हे कसे बसले असेल ते रेल्वे जाणे. रूळ नव्हते तेव्हा आमच्याकडचा शेतकरी आळंदीला जाऊन मग वारी करीन म्हणाला असता, तर त्याला दोन महिने रान सोडावे लागले असते. म्हणजे इतक्या दूरच्या साध्या कुणब्याला माउलींच्या सोबत निघणे आवाक्यात आले, त्यात त्या कोळशाच्या इंजिनाचाही वाटा आहे. पायी वारीच्या अभिमानात आपण हे विसरतो.

आता घरचे सांगतो. साठेक वर्षांपूर्वीची गोष्ट, मी बारा-तेरा वर्षांचा. गावातून अकरा माणसे निघायची होती. पंचमीला निघून सप्तमीला आळंदी, असा बेत. चतुर्थीला रात्री पाऊस आला, चांगला ओल धरणारा. सकाळी वडिलांनी पडशी खुंटीला अडकवली आणि तिफण काढली. वारकरी कुणब्याची खरी ओढाताण ही आहे. मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, आणि प्रस्थान त्याच्या पुढेमागे कुठेही येते. उशिरा आले तर पेरून निघता येते. लवकर आले तर आभाळ कोरडे आणि मन मागे. पण पाऊस आणि निघायचा दिवस एकत्र आले, तर माणसाने काय करावे? वडिलांनी दोन दिवस पेरले. जमेल तेवढी ज्वारी नि मूग पेरून झाले, उरलेले बियाणे त्यांनी आईपुढे ठेवले आणि सप्तमीला सकाळी आम्ही निघालो. बाकीचेही त्यांच्यासाठी थांबले होते, कारण वीणा वडिलांच्या गळ्यात असायचा.

छोट्या लाईनीची गाडी मनमाडला उशिरा पोचली आणि पुढची मोठी गाडी निघून गेली होती. अष्टमीचा दिवस फलाटावर गेला. तिकडे माउलींचे प्रस्थान होत असेल, त्या वेळेला वडिलांनी फलाटावरच हरिपाठ सुरू केला. हमालही येऊन उभे राहिले. नवमीला सकाळी आम्ही पुण्यात उतरलो. पालखी त्याच सकाळी आळंदीहून निघालेली, संध्याकाळी पुण्यात येणार. पुण्यात दोन मुक्काम असतात. सगळ्यांचे म्हणणे पडले, इथेच थांबू, माउली आपल्याकडेच येत आहेत. यात चुकीचे काहीच नव्हते. वडील म्हणाले, "तुम्ही थांबा. मी तिथून निघून येतो." आणि मला घेऊन ते आळंदीच्या रस्त्याला लागले.

दिघीच्या अलीकडे समोरून सोहळा आला. मी तोवर पालखी पाहिलेली नव्हती. पताका, टाळ, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि आम्ही दोघेच उलटे. लोक हात करून सांगत, अहो माउली, मागे फिरा, इकडे चला! वडिलांनी रस्त्याच्या कडेला वीणा सावरून रथाला दंडवत घातले, मलाही घालायला लावले, रथ पुढे जाऊ दिला आणि पुन्हा आळंदीकडे चालू लागले. मी रडलो. ज्यासाठी दोन रात्री जागून आलो ते समोरून निघून गेले, आणि हा माणूस मला त्याच्यापासून लांब नेतो आहे, एवढेच मला कळत होते.

आळंदीत पोचलो तेव्हा गावात पत्रावळी उडत होत्या. वाडे ओस, घाट रिकामा. देवळात चार-दोन माणसे. समाधीपाशी आम्ही हवे तितके बसलो, कुणी उठवले नाही. बाहेर येताना वडील हैबतबाबांच्या पायरीपाशी बराच वेळ वाकून राहिले. रात्री धर्मशाळेत झोपलो, दशमीला पहाटे निघालो आणि दुपार कलायच्या सुमाराला पुण्यात आपल्या माणसांत मिळालो. वडिलांनी यावर नंतर कधी काही बोलल्याचे मला आठवत नाही, आणि मीही विचारले नाही. पुढे चाळीस-पंचेचाळीस प्रस्थाने मी पाहिली, कळस हलताना पाहण्यासाठी मान वर करून उभा राहिलो; पण आळंदी म्हटले की मला ती पत्रावळींची रिकामी आळंदी आठवते.

नंतर एसटी आली, जीप आल्या. दिंडीची भिशी भरली की सामान ट्रकात आणि माणूस जीपने थेट आळंदीत. आता प्रस्थानाला देवळात प्रवेश ठराविक दिंड्यांतल्या ठराविक माणसांना. बाकीच्यांनी बाहेर उभे राहायचे, ते योग्यच आहे, इतक्या गर्दीला दुसरा उपाय नाही. पुष्कळ जण प्रस्थान टाळून पुण्यात किंवा सासवडला मिळतात. मी त्यांना काही म्हणत नाही. २०२० आणि २०२१ साली तर आळंदीला जायची वाटच बंद होती. पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आम्ही आपापल्या ओसरीवर हरिपाठ म्हटला, जुन्या काळासारखी वारी पुन्हा उंबऱ्यावर आली.

राहता राहिली आई. ते उरलेले बियाणे तिने पेरले. त्या वर्षी आणि नंतरही. वडील गेल्यावर मी वारीला जाऊ लागलो तेव्हाही तिफण तिच्याकडेच. तिला आळंदीला यायचे आहे का, हे घरात कुणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. आणि इकडे गावोगावी मी जनाबाईंवर कीर्तने करत होतो, जनाबाई आमच्या गंगाखेडच्या म्हणून अभिमानाने. एका वर्षी ती आपण होऊन म्हणाली, औंदा मी येते. साठी ओलांडलेली होती. एसटीने पुण्याला आणि तिथून आळंदीला नेले. प्रस्थान तिने दुरून पाहिले. पण वाटभर जो भेटेल त्याला तिचे एकच विचारणे, "परभणीकडं पडला का पाऊस?" पुण्याच्या दुसऱ्या मुक्कामी कुणीतरी सांगितले, तिकडे चांगला झाला. ती म्हणाली, "मग मी जाते. तू जा पुढं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच पालखी सासवडला निघायची होती आणि वीणा माझ्याकडे होता. गावातली एक बाई सोबत देऊन मी तिला मुक्कामाच्या दारातून निरोप दिला, स्थानकापर्यंतही गेलो नाही. दिवेघाट चढताना मी अभंगात होतो. त्या दोघी कोणत्या गाडीत बसल्या, कुठे बदलली, रात्री कुठे निजल्या, हे मी वारीहून आल्यावर विचारायला हवे होते. आलो तेव्हा मूग गुडघ्याइतका झाला होता, आणि ती निंदणीला गेलेली होती.