टाळूवरची गाठ आणि कागदावरचा आकडा

दादामामांचा १९७८ सालचा बायोप्सी रिपोर्ट माझ्याकडे आहे. कठीण टाळूवरच्या गाठीचा. निदान एका ओळीचे : ‘म्यूकोएपिडर्मॉइड ट्यूमर’. ‘कार्सिनोमा’ हा शब्द नाही, म्हणून घरात सगळ्यांना हायसे वाटले. कॅन्सर नाही, नुसती गाठ! चार वर्षांनी मानेत गाठी आल्या आणि मामा गेले. पुढे मी पॅथॉलॉजी शिकू लागलो, तेव्हा हा कागद पुन्हा काढला आणि लिहिणाऱ्याचा फार राग आला. आता येत नाही.

कारण तो शब्द त्या काळी पुस्तकातलाच होता. लाळग्रंथींच्या या गाठीला १९४५मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील स्ट्युअर्ट, फूट आणि बेकर यांनी हे नाव दिले आणि तिचे सौम्य व घातक असे दोन प्रकार मानले. सौम्य म्हटलेल्या गाठीही पसरतात, हे पुढे ध्यानात आले. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७२च्या वर्गीकरणात ‘ट्यूमर’च राहिला. ‘कार्सिनोमा’ आला तो १९९१च्या आवृत्तीत.

नावामागून आकडा येतो. कर्करोगासाठीची स्वतंत्र कोडसंहिता, आयसीडी-ओ, १९७६मध्ये निघाली. तिच्यात पेशींच्या प्रकाराला चार आकडे, मग तिरपी रेघ, मग एक आकडा : ० सौम्य, १ अनिश्चित, ३ घातक. या गाठीचा आजचा कोड ८४३०/३. रेघेपुढच्या एका आकड्यावर माणूस कर्करोगाच्या मोजणीत येतो किंवा सुटतो.

जागेचा कोड आणखी फसवा. आयसीडी-१०मध्ये कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीला सी ०७. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींना सी ०८. पण ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तराखाली शेकडो बारीक लाळग्रंथी असतात. त्यांतला कर्करोग त्या-त्या जागेच्या नावावर जातो. कठीण टाळूचा सी ०५.० वर. म्हणजे फक्त सी ०७ आणि सी ०८ मोजणाऱ्याला तो दिसतच नाही. पेशींचा कोडही पाहावा लागतो. आणि गंमत (गंमत कसली!) अशी, की पॅरोटिडच्या बहुतेक गाठी सौम्य असतात; ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ घातक असण्याची शक्यता अधिक.

मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९६३पासून आहे, देशातली पहिली. मामा मुंबईतले नव्हते. त्यांची नोंद कुठल्याच वहीत नसावी.

परवा त्या रिपोर्टच्या समासात मी पेन्सिलीने लिहिले : सी ०५.०, ८४३०/३. मूळची ओळ तशीच ठेवली.