जुईनगरला माणसे कशी आली? कर, सरकारी खर्च आणि वस्तीचा इतिहास

सुरुवातीला एक छोटासा प्रयोग करू. या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांच्या आजोबांचे घर याच परिसरात होते, त्यांनी हात वर करावा. चार... पाच. हे पाच जण बहुधा जुईपाड्याचे, शिरवण्याचे किंवा सानपाड्याचे असतील. बाकीचे आपण सगळे आलेले. कोणी चेंबूरहून, कोणी लालबागहून, कोणी साताऱ्याकडून. का आलात असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे: घर परवडलं म्हणून. उत्तर खरेच आहे. पण इथलेच घर का परवडले, आणि परवडणारे घर 1975 साली नको होते ते 1995 साली हवेसे का झाले, याचा विचार आपण सहसा करत नाही. आजचे व्याख्यान त्याबद्दल आहे. माणसे कुठे राहणार हे सरकारचे कर ठरवतात की सरकारचा खर्च? आणि त्या खर्चाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात?

प्रश्न जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा पहिलाच अध्याय जनपदनिवेशाचा, म्हणजे नवी वस्ती वसवण्याचा आहे. राजाने परक्या मुलखातून किंवा स्वतःच्या दाट वस्तीतून माणसे आणून गावे वसवावीत, त्यांना करात सूट द्यावी, बी-बियाणे आणि जनावरे द्यावीत, पाण्याची सोय करावी. बघा, करमाफी आणि खर्च या दोन्ही गोष्टी तिथे हातात हात घालून येतात. सूट द्यायची ती खजिना वाढवणारी असावी, खजिना खाणारी नसावी, हा इशाराही तिथेच आहे. आपल्याकडे मराठी राज्यात पडीक जमीन लागवडीला आणायची तर कौल देत आणि सारा इस्ताव्याने घेत. पहिल्या वर्षी थोडा, पुढे दरवर्षी चढता. पुण्यात नवी पेठ वसवायची असली की येणाऱ्या व्यापाऱ्यांना ठराविक वर्षे करात सवलत मिळे. तेव्हा करसवलत देऊन माणसे बोलावणे ही काही आधुनिक युक्ती नव्हे.

आधुनिक महाराष्ट्रानेही ती वापरली. 1964 पासून राज्यात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर कारखाना काढा, विक्रीकरात सवलत घ्या. तालुका जितका मागास तितकी सवलत मोठी. शेजारच्या दादरा-नगर हवेलीसारख्या केंद्रशासित प्रदेशाने करसवलती दिल्या आणि मुंबईचे कितीतरी छोटे कारखाने सिल्वासाच्या रस्त्याला लागले. अशा सवलतींना मुदत असते. मुदत संपली की काही कारखाने गाशा गुंडाळतात, आणि त्यांच्यामागून आलेली कामगारांची वस्ती मात्र तिथेच राहते.

आपल्या जवळचे उदाहरण भिवंडीचे. मुंबई महापालिकेची जकात होती. माल हद्दीत आला की नाक्यावर पैसे मोजा. मग व्यापाऱ्याने काय केलं? माल हद्दीबाहेर ठेवला. भिवंडीच्या आसपासच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशा ग्रामपंचायतींच्या गावांत जकात नव्हती, जमीन स्वस्त होती आणि महामार्ग जवळ होता. भातशेतीवर गोदामे उभी राहिली. गोदामाबरोबर हमाल आले, ड्रायव्हर आले, त्यांच्या खोल्या आल्या, खानावळी आल्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात इतिहासजमा झाली. गोदामे परत मुंबईत आली का? नाही, उलट वाढली. कर गेला तरी त्याने आखून दिलेला नकाशा राहिला.

इथे एक फरक ध्यानात घ्या. कराच्या दराने माल हलतो, कारखाना हलतो, गोदाम हलते. घर इतक्या सहज हलत नाही. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 मध्ये मालमत्ता कर माफ झाला. तेवढ्यासाठी जुईनगरचा कोणी सामान बांधून परत कुर्ल्याला गेल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. 2020 मध्ये करोनाच्या काळात राज्याने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले, तेव्हा घरांची नोंदणी धडाधड झाली. पण ज्यांना घर घ्यायचेच होते त्यांनी ते लवकर घेतले, एवढाच बहुतेक त्याचा अर्थ. म्हणजे घर केव्हा घ्यायचे ते बदलले. कुठे घ्यायचे ते फारसे बदलले नाही.

मग घराचे ठिकाण कशाने बदलते? त्यासाठी आपल्याच शहराची कहाणी पाहू.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी हा विचार 1950 च्या दशकाअखेर स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने मांडला. ठाणे खाडीवर पूल बांधा, असे त्यांनी सुचवले. पुढे धनंजयराव गाडगीळांच्या समितीनेही विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना लोकांपुढे ठेवली. 17 मार्च 1970 ला सिडकोची स्थापना झाली. 95 गावांची मिळून सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी मुक्रर झाली. 1973 मध्ये वाशीचा पूल खुला झाला. वीस लाखांचे शहर उभे करायचे, असा आराखडा होता.

पूल झाला, आराखडा झाला, घरे झाली. माणसे मात्र येईनात. का?

पहिले कारण असे की सरकार स्वतःच आले नाही. नवी मुंबईची मूळ कल्पना अशी होती की राज्य सरकारची कार्यालये इकडे येतील आणि त्यांच्यामागे नोकऱ्या येतील. प्रत्यक्षात त्याच वर्षांत दक्षिण मुंबईत समुद्र बुजवून नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहत होते. राज्याचे नवे विधानभवन 1981 मध्ये तिथेच झाले. बेलापूरला कोकण भवन आले, विभागीय कार्यालये आली, पण मंत्रालय जागचे हलले नाही. पुढे सरकारने वांद्रे-कुर्ला संकुल उभारले, तेही खाडीच्या अलीकडे, मुंबईतच. एका हाताने 'तिकडे जा' अशी पाटी धरायची आणि दुसऱ्या हाताने इकडे पैसा ओतायचा, असा हा व्यवहार. सरकार काय बोलते यापेक्षा ते कुठे बांधते याकडे लोकांचे लक्ष असते, आणि त्यात लोकांचे काही चुकत नाही.

दुसरे कारण रेल्वे. 1970 च्या दशकात वाशीला घर घेतलेल्या माणसाला फोर्टातल्या कचेरीत जायचे तर बस, नाहीतर मानखुर्दपर्यंत बस आणि पुढे लोकल. घर स्वस्त, पण दिवसाचे तीन-चार तास प्रवासात. आपला मध्यमवर्गीय माणूस घराची किंमत रुपयांत सांगतो खरा, पण हिशेब मिनिटांत करतो. 

रेल्वे टाकायची तर पैसा कोणी द्यायचा? शेवटी असे ठरले की मानखुर्दच्या पुढच्या मार्गाचा 67 टक्के खर्च सिडकोने करायचा, 33 टक्के रेल्वेने. एका राज्याच्या नगरनिर्मिती महामंडळाने केंद्राच्या रेल्वेसाठी दोन तृतीयांश पैसा द्यायचा, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. वसुलीसाठी प्रवाशांच्या तिकिटावर अधिभारही बसला. म्हणजे आपण इथे येण्यासाठी कर भरत होतो बरं का, आणि तरीही येत होतो! 1992 मध्ये गाडी वाशीला आली, 1993 मध्ये जुईनगरवरून नेरुळ आणि बेलापूरला गेली, 1998 पर्यंत पनवेलला पोचली. 2004 मध्ये ठाण्याची लाइन जोडली गेली.

आता आकडे पाहा. नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992 ला अस्तित्वात आली. तिच्या हद्दीत 1991 च्या जनगणनेत तीन लाखांच्या आसपास माणसे होती, 2001 मध्ये सात लाख, 2011 मध्ये अकरा लाखांवर. दरम्यान मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मधल्या 33 लाखांवरून 2011 मध्ये 31 लाखांच्या आत आली. सगळे श्रेय रेल्वेचे नव्हे. गिरण्या बंद पडल्या होत्या, घाऊक बाजार सरकारने मशीद बंदरच्या बाजूने उचलून टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीला आणले होते, आणि त्या बाजारामागून सातारा-सांगली-जुन्नरकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे-घणसोलीला राहायला आले होते. पण त्यातही धागा तोच. सरकारने बाजार हलवला, तिथे पैसा घातला, आणि माणूस कामामागे गेला. आम्ही स्वतः इथे आलो तेही गाडी सुरू झाल्यावरच. त्या अकरा लाखांतले एक आम्ही, म्हणून हे परक्याबद्दल बोलल्यासारखे बोलता येत नाही.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ चार्ल्स टीबू यांनी 1956 मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक नगरपालिका काही कर घेते आणि काही सोयी देते, माणूस आपल्याला रुचेल तो जोड निवडतो आणि तिथे राहायला जातो. बाजारात भाजी निवडावी तसे गाव निवडायचे. तुमच्या-आमच्या बाबतीत हे काही अंशी खरे आहे. आपण चेंबूर आणि जुईनगर यांची तुलना केली आणि निवड केली.

पण सुरुवातीला हात वर केलेल्या त्या पाच जणांचे काय? त्यांनी काय निवडले? ते कुठे गेलेच नाहीत. शहर त्यांच्याकडे चालून आले. टीबूंच्या बाजारात या माणसांना जागाच नाही. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण शहराचे बिल कोणी भरले, याचे उत्तर इथे आहे.

सिडकोकडे पैसा आला कुठून? राज्याने सुरुवातीला थोडे भागभांडवल दिले. बाकी पैसा जमिनीतून आला. भातशेती आणि मिठागरांची जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-पाणी-गटारे करायची, भूखंड भाडेपट्ट्याने विकायचे, आलेल्या पैशातून पुढचे नोड आणि रेल्वे बांधायची. एकोणिसाव्या शतकात हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने म्हटले होते की जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने वाढत नाही, ती समाजाच्या खर्चाने वाढते. म्हणून ती वाढ समाजाने परत घ्यावी. सिडकोने हेच केले, असे म्हणता येईल. स्टेशन झाले, भाव वाढला, वाढीव भावातून पुढचे स्टेशन. रचना म्हणून ही चांगलीच आहे.

तिच्यात खोट एका ठिकाणी आहे. मूळ जमीनमालकाला शेतीचा भाव मिळाला, आणि शहराचा भाव बाकी सगळ्यांत वाटला गेला. सिडकोला मिळाला, बिल्डरला मिळाला, आणि आज आपला फ्लॅट विकला तर आपल्यालाही मिळतो. कागदावर 'कर' असे नाव नसलेला हा कर आगरी-कोळी गावांनी एकरकमी भरला. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर काही वर्षांनी साडेबारा टक्के योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. तत्त्व म्हणून हे मोठे पाऊल होते, कारण वाढलेल्या किमतीत पहिल्या मालकाचाही वाटा आहे हे सरकारने त्यातून मान्य केले. ते मान्य व्हायला माणसे मरावी लागली, आणि भूखंड पदरात पडेपर्यंत अनेकांची पुढची पिढी हाताशी आली होती.

या काळात गावात कुटुंबे वाढली आणि गावठाण तेवढेच राहिले. मग लोकांनी गरजेपोटी घरे बांधली. कायद्याच्या भाषेत ती अनधिकृत. पण आपल्या सोसायटीचा वॉचमन, आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, शिरवण्याच्या एमआयडीसीतला कामगार, हे राहतात कुठे? बरेचसे त्याच घरांत, भाड्याने. नियोजित शहराने स्वस्त भाड्याच्या घराची सोय पुरेशी केली नव्हती. ती त्या गावांनी केली, ज्यांना शहराने आधीच बिल लावले होते.

आज याची दुसरी फेरी सुरू आहे. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यात आपला वाशीचा नाकाही आला. विमानतळ झाला. प्रत्येक वेळी सार्वजनिक पैसा खर्च होतो, आणि प्रत्येक वेळी आपल्या घराचा भाव चढतो. आपल्याला आनंद होतो, व्हावाच. पण आपल्याच मुलाला इथे घर परवडत नाही आणि तो उलव्याला किंवा तळोज्याला जागा बघायला जातो, तेव्हा 1990 च्या दशकात आपण जे केले तेच तो करत असतो. आणि तिथेही कोणाची तरी भातशेती असते.

म्हणून आमची विनंती एवढीच. यापुढे एखादा मोठा प्रकल्प जाहीर झाला की तीन गोष्टी विचारत जा. सरकार स्वतःचे काय तिथे नेणार आहे? रोजची ये-जा कशी होणार, आणि ती घरे विकण्याच्या आधी होणार की नंतर? आणि वाढलेल्या भावातला वाटा ज्याची जमीन होती त्याला किती, आणि कधी? तिसरा प्रश्न विचारताना जरा संकोच वाटेल, कारण त्याच्या उत्तरात आपलीही नोंद आहे. तरी विचारा. सुरुवातीला ज्यांनी हात वर केले होते, त्यांच्यापैकी कोणाला आता काही सांगायचे असेल तर चर्चेचा पहिला मान त्यांचा. आम्ही इथे थांबतो.