करिंथ येथील तट आणि आपण

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवाची ही स्मरणिका सिद्ध होत असतां मंडळाच्या बैठकींत एक वाद निघाला. आजवर येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंपैकीं कोणाच्या छायाचित्रास संपूर्ण पान द्यावें, हा तो वाद. एका पक्षाचें म्हणणें, अमुक फादरांनीं चर्चमंदिर बांधिलें. दुसऱ्याचें म्हणणें, तमुक फादरांच्या प्रवचनांनीं तें भरलें. शब्दानें शब्द वाढला, आणि रविवारीं एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकणारे दोन सद्‌गृहस्थ त्या रात्रीं एकमेकांशीं न बोलतां घरीं गेले. आम्हांस तेव्हां करिंथची आठवण झाली. म्हणून गांवाच्या इतिहासाऐवजीं त्या दूरच्या नगराचा थोडा इतिहास येथें लिहीत आहों. वाचकांनीं क्षमा करावी.

करिंथ हें जुनें ग्रीक नगर रोमन सैन्यानें इ. स. पूर्वीं १४६ मध्यें उद्ध्वस्त केलें, व पुढें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें ज्यूलियस सीझरनें तें पुन्हां वसविलें. दोन समुद्रांच्या मध्यें असल्यामुळें व्यापार मोठा. नव्या वसाहतींत दास्यांतून मुक्त झालेले पुष्कळ लोक होते. जुनें कूळ नाहीं, वडिलार्जित मान नाहीं; अशा ठिकाणीं मनुष्य स्वतःची किंमत आपल्या गुरूच्या नांवावरून ठरवूं लागतो, असें आम्हांस वाटतें. त्यांतून ग्रीक लोकांस वक्तृत्वाची हौस दांडगी.

संत पौल येथें सुमारें इ. स. ५० मध्यें आला. अक्विला व प्रिस्किला या दांपत्याबरोबर तो तंबू करण्याचा धंदा करी आणि सुवार्ता सांगे. दीड वर्ष तो तेथें राहिला. तो गेल्यावर अपुल्लोस आला. हा आलेक्सांद्रियाचा, शास्त्रांत निष्णात, वाणी ओघवती. गंमत अशी कीं, इफिस येथें असतां या विद्वानास केवळ योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक होता. तेव्हां त्याच तंबूकार दांपत्यानें त्याला आपल्याकडे घेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला होता. त्यानेंही तो मुकाट्यानें शिकून घेतला. इतका नम्र गुरु, पण शिष्य मात्र तसे निघाले नाहींत. लवकरच ख्लोवेच्या माणसांनीं पौलास वर्तमान कळविलें कीं, करिंथकरांत तट पडले आहेत: कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे, आणि कोणी ख्रिस्ताचे म्हणविणारे. या चौथ्यांविषयीं आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्यांस हिणविण्यासाठीं घेतलें, तर ख्रिस्ताचें नांवही तटाचें निशाण होऊं शकतें.

पौलानें सुमारें इ. स. ५४-५५ मध्यें इफिसाहून जें पत्र धाडिलें, त्यांत पहिला फटका त्यानें आपल्याच पक्षास दिला. तुमच्यासाठीं पौल क्रुसावर गेला काय, असा त्याचा सवाल. आपण फारच थोड्यांना बाप्तिस्मा दिला याबद्दल तो देवाचे आभार मानतो. क्रिस्प व गायस यांचीं नांवें घेतो, मग स्तेफनासाचें घराणें त्याला आठवतें, आणि बाकीच्यांचें आपणांस स्मरण नाहीं असें सरळ लिहून टाकितो. कोणाला आपण ख्रिस्तसभेंत घेतलें याची यादीही त्यानें ठेविली नव्हती! आम्ही मात्र आमच्या प्रवचनाची स्तुति महिनाभर विसरत नाहीं, हें येथें कबूल केलेलें बरें. पत्राच्या शेवटीं आणखी एक वाक्य आहे, तें वाचतांना बहुतेकांचें लक्ष जात नाहीं. अपुल्लोसानें करिंथास जावें म्हणून पौलानें त्याला पुष्कळ विनविलें, पण तो त्या वेळीं जावयास मुळींच राजी झाला नाहीं. कारण दिलेलें नाहीं. परंतु ज्या गांवांत आपल्या नांवाचा पक्ष उभा आहे तेथें पाऊल टाकण्यास तो कचरला असावा, असें आम्हांस वाटतें. आणि ज्याला प्रतिस्पर्धी ठरविलें त्यालाच तेथें पाठवूं पाहणारा पौल! दोघांत वैर नव्हतें. तें ऐकणाऱ्यांनीं निर्माण केलें होतें.

रोग मात्र मुरला. सुमारें चाळीस वर्षांनीं, इ. स. ९६ च्या सुमारास, रोमहून संत क्लेमेंताचें पत्र करिंथास गेलें. आतां तेथील कांहीं मंडळींनीं निर्दोष वडील धर्मसेवकांस पदावरून दूर केलें होतें. क्लेमेंत लिहितो कीं, पूर्वीचा तुमचा पक्षपात निदान प्रेषितांसाठीं होता, म्हणून त्याचा दोष कमी; आतां तुम्ही कोणासाठीं भांडतां तें पाहा. तें पत्र फुकट गेलें नाहीं. इ. स. १७० च्या सुमारास करिंथचा महागुरु दियोनिसियस रोमच्या पोप सोतेर यांस कळवितो कीं, तें आमच्या येथें अजून प्रभुवारीं वाचलें जातें.

आपल्या मुंबईकडेही ही कथा निराळ्या वेषांत घडली. इंग्रजांनीं १७२० मध्यें पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्री मुंबई बेटांतून घालविले व कार्मेली पाद्री आणिले. १७९४ पासून कांहीं चर्चें गोव्याच्या महागुरूंकडे व कांहीं रोमनें नेमिलेल्या अधिकाऱ्यांकडे, अशी वांटणी झाली. एक पक्ष पाद्रोआदोचा, दुसरा प्रोपागांदाचा. धर्मशिक्षणांत तिळभर अंतर नव्हतें. तरी १८५३ मध्यें माहीमच्या संत मायकलच्या चर्चसाठीं महागुरु हार्टमान यांना दारें लावून आंत बसावें लागलें, आणि बाहेर ख्रिस्ती लोकांचाच वेढा! ही दुहेरी सत्ता संपावयास १९२८ साल उजाडलें.

आमचे आजोबा त्या वेळीं तरुण होते. पलीकडच्या पक्षाच्या चर्चमध्यें पाऊल टाकावयाचें नाहीं, असा घरचा दंडक. दंडक सुटल्यावर ते प्रथम तेथें गेले, तें कांहींसें भीतभीतच, मागच्या दाराशीं उभे राहिले. तेथें काय पाहिलें म्हणून आम्हीं लहानपणीं विचारीत असूं. ते म्हणत, ‘‘अरे, तीच लॅटिन मिस्सा, तीच घंटा. आणि पुढच्या बाकावर आपलीच मावशी.’’