पातळी ठरवून देणारी माणसं

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबादचं अफझलगंज धुऊन काढलं. पूल गेला, इस्पितळ पाण्यात बुडालं. इस्पितळाच्या आवारातल्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे जणांनी जीव वाचवला. शहरात मिळून पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. पुन्हा असं होऊ नये म्हणून निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. ते १९०९ मध्ये आले. नुसत्या पावसाला दोष देऊन ते थांबले नाहीत. नदीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते आणि त्यांतले २२१ फुटले होते. वरचा फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर.

हैदराबादच्या आसपास आज उभ्या असलेल्या डेटा सेंटरांत स्क्रिप्टच्या बळावर सर्व्हर उभे केले जातात. त्या पद्धतीचं मूळ मी याच इंजिनियरकडे नेतो. संगणकवाल्यांना ते ओढूनताणून वाटेल, पण १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांनी काय बसवलं ते पाहा. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारी आणि खाली आलं की मिटणारी दारं. रात्री चौकीदाराला उठवून ‘आता तिसरं दार उघड’ असं सांगायची गरज उरली नाही. पातळी ठरवून द्यायची, राखायचं काम दारांचं.

संगणक मात्र उलट टोकाने निघाला. १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये लुई पूझँ यांनी ‘रनकॉम’ लिहिला. रोज टाइप करायच्या आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवायच्या आणि ती फाइल चालवायची. शेल स्क्रिप्टचं घराणं इथून सुरू होतं. सोय मोठी, पण खोड तितकीच मोठी. स्क्रिप्ट दोनदा चालवली तर सेटिंगच्या फाइलीत तीच ओळ दोनदा चिकटते. सातव्या आज्ञेला अडकली तर सर्व्हर अर्धामुर्धा राहतो, आणि कुठवर काम झालंय हे शोधत बसावं लागतं. रात्री दोन वाजता ज्यांनी हे केलंय त्यांना अधिक सांगायला नको.

१९७६ मध्ये बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमन यांच्या ‘मेक’ने अर्धं पाऊल टाकलं: जे बदललंय तेवढंच पुन्हा बांधायचं. पुरतं पाऊल पडलं १९९३ मध्ये, ऑस्लोला. मार्क बर्जेस हे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या ‘सीएफइंजिन’मध्ये आज्ञांऐवजी स्थिती लिहायची. हे पॅकेज असावं, या फाइलीला ही परवानगी असावी, ही सेवा चालू असावी. प्रोग्रॅम आधी पाहतो, फरक असेल तेवढाच भरून काढतो. शंभरदा चालवा, निकाल तोच. खडकवासल्याची दारं ती हीच, असं मी म्हणतो. पुढची पपेट (२००५), शेफ (२००९) आणि अ‍ॅन्सिबल (२०१२) ही सगळी याच वळणाची.

२००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ईसीटू आणलं आणि खुद्द सर्व्हरच एका आज्ञेवर मिळू लागला. मग नेटवर्क, फायरवॉल, डेटाबेस यांचीही स्थिती लिहिता यायला हवी होती. २०११ मध्ये क्लाउडफॉर्मेशन आलं, २०१४ मध्ये टेराफॉर्म. टेराफॉर्मचा ‘प्लॅन’ आधी काय बदलेल ते दाखवतो आणि मगच ‘अप्लाय’ करायचं. कुणी घाईत कन्सोलवर जाऊन हाताने नियम बदलला असेल, तर पुढच्या प्लॅनमध्ये ती चोरी उघडी पडते. या फरकाला सगळे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात.

अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांचा समूह, २०१६ चा आणि हैदराबाद विभाग २२ नोव्हेंबर २०२२ चा. मुंबईतला कारभार बंद पडलाच तर हैदराबादला तसाच दुसरा उभा करायचा, ही सोय त्यामुळे देशातल्या देशात झाली. कागदावर हे काम विभागाचं नाव बदलण्याएवढं असतं. प्रत्यक्षात मशीनच्या इमेज, चाव्या, कोटा सगळं त्या विभागात आधीपासून असावं लागतं.

आणि आपोआप चालणारी यंत्रणाही फुटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे पत्ते सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेचे दोन भाग एकमेकांच्या पायात आले. त्यात पत्त्याची नोंदच रिकामी झाली. त्यावर अवलंबून असलेल्या सेवा एकामागून एक ढासळल्या. मुसीच्या खोऱ्यातल्या तलावांची गत याहून वेगळी नव्हती. ती नोंद शेवटी माणसांनी हाताने दुरुस्त केली.

पर्यायी व्यवस्था हैदराबादला ठेवली आहे असं सांगणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांना एकच विनंती. ती स्क्रिप्ट वर्षातून एकदा तरी खरोखर चालवून, सगळं उभं राहतंय का ते पाहा.